दानाचा वरखर्च

एखाद्या धर्मादाय संस्थेचें वार्षिक पत्रक हातीं आलें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ प्रथम कोणतें पान उघडतो, हें आम्हीं पुष्कळ वेळां न्याहाळून पाहिलें आहे. संस्थेनें वर्षभर काय केलें तें तो वाचीत नाहीं. अध्यक्षांच्या छायाचित्रावरून त्याची नजर नुसती घसरत जाते. आणि शेवटच्या जमाखर्चाच्या पानावर आल्यावर मात्र चष्मा नीट बसवून तो एकच कलम शोधूं लागतो. तें कलम म्हणजे 'व्यवस्थाखर्च'. हा आंकडा लहान असला कीं संस्था प्रामाणिक. मोठा असला कीं चालकांनीं पैसे खाल्ले. रुपयांतले किती आणे गरिबाच्या हातीं पडले, हा तो प्रश्न. आणे जाऊन किती वर्षें लोटलीं तरी हा प्रश्न आणेवारीनेंच विचारण्याची वाडवडिलांची संवय आपण सोडलेली नाहीं. प्रश्न वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु गेलीं कांहीं वर्षें आम्ही अशा एका जातीच्या संस्थेचे ताळेबंद कुतूहलानें वाचीत आहों, कीं जिच्या बाबतींत हा प्रश्न विचारला असतां उत्तर आंकड्यांत बरोबर येतें आणि अर्थानें साफ चुकतें.

ती संस्था म्हणजे नगरनिधींचा संघ. इंग्रजींत ज्याला 'कम्युनिटी फाउंडेशन' म्हणतात त्याला मराठींत रूढ झालेला शब्द नाहीं, म्हणून ह्या लेखापुरतें त्याला आपण 'नगरनिधि' म्हणूं. एखाद्या गांवच्या रहिवाशांनीं लहानमोठ्या देणग्यांनीं व मृत्युपत्रांनीं जमविलेली, मूळ धनास हात न लावतां बहुधा उत्पन्नावर चालणारी, आणि त्याच गांवच्या नाना प्रकारच्या सार्वजनिक कामांस साहाय्य करणारी ठेव, असें त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतां येईल. ही ठेव स्वतः दवाखाना चालवीत नाहीं कीं शाळा काढीत नाहीं. दवाखाना व शाळा चालविणारांस ती पैसा देते. असे निधि एका देशांत शेंदोनशें झाले म्हणजे त्यांची मिळून एक मध्यवर्ती संस्था उभी राहते. निधींना सल्ला देणें, नव्या चालकांस शिकविणें, सर्वांच्या वतीनें सरकारशीं बोलणें, आणि प्रसंगीं वरून आलेला पैसा त्यांच्या हातून खालीं पोंचविणें, हें तिचें काम. म्हणजे भुकेल्याला जेवूं घालणारा एक, त्याला पैसे देणारा दुसरा, आणि ह्या दुसऱ्याच्या पाठीशीं उभा राहणारा हा तिसरा. तिसऱ्याच्या हातून प्रत्यक्ष कोणाच्याही पानावर भाकर पडत नाहीं. मग त्यानें कचेरी थाटून पगार कां घ्यावे, असें कोणीही विचारील, आणि विचारावेंच.

उत्तर देण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं फ्रेडरिक हॅरिस गॉफ नांवाचे गृहस्थ एका मोठ्या विश्वस्त पेढीचे अध्यक्ष होते. पेशानें वकील. श्रीमंतांचीं मृत्युपत्रें त्यांच्या पेढीच्या तिजोरींत येऊन पडत, आणि तीं वाचतां वाचतां ह्या गृहस्थांना एका गोष्टीचा वीट आला : मेलेला मनुष्य जिवंतांवर किती काळ हुकमत चालवितो! देणारानें लिहून ठेविलेला हेतु काळाच्या ओघांत निरर्थक होतो, पैसा मात्र त्या हेतूच्या खुंटीला बांधलेला राहतो. ह्यावर त्यांनीं तोड काढली ती अशी. अनेक दात्यांचे पैसे एका ठिकाणीं गुंतवावे. गुंतवणूक पेढीनें पाहावी. पण उत्पन्न कोणाला द्यावें हें नागरिकांच्या एका समितीनें ठरवावें, आणि त्या समितीचे कांहीं सभासद नगराध्यक्षांनीं व न्यायाधीशांनीं नेमावे. दात्याचा मूळ हेतु कालबाह्य झाला तर त्याच्या जवळचा दुसरा हेतु योजण्याचा अधिकारही त्या समितीस असावा. २ जानेवारी १९१४ रोजीं क्लीव्हलंड फाउंडेशन स्थापन झालें तें ह्या पायावर. पुढच्याच वर्षीं शिकागो व बोस्टन येथें त्याचें अनुकरण झालें.

मृत हस्ताची ही अडचण केवढी मोठी असते ह्याचें उदाहरण म्हणून बेंजामिन फ्रँकलिनकडे बोट दाखवितां येईल. १७९० सालीं मरतांना ह्या शहाण्या पुरुषानें बोस्टन व फिलाडेल्फिया ह्या दोन शहरांस एकेक हजार पौंड ठेविले. पंचवीस वर्षांच्या आंतील, विवाहित, त्याच शहरांत उमेदवारी केलेल्या कारागिरांस त्यांतून पांच टक्के व्याजानें कर्ज द्यावें, आणि असें दोनशें वर्षें चालवावें, अशी अट. पण कारखाने आले, उमेदवारीची पद्धति गेली, आणि असा कारागीर दिवा घेऊन शोधण्याची पाळी आली. पैसा वाढत राहिला, घेणारा मिळेना. फ्रँकलिनसारख्या दूरदृष्टीच्या माणसाची जेथें ही कथा, तेथें इतरांचें काय सांगावें? आम्ही ज्या एका लहानशा विद्यार्थी-साहाय्यक निधीचे बारा वर्षें चिटणीस होतों, त्यांतही एक असेंच मृत्युपत्र आहे. दात्याच्या गांवच्या, संस्कृत मुख्य विषय घेऊन बी. ए.ला बसणाऱ्या होतकरू 'मुलास' व्याज द्यावें, असा त्यांतील शब्द. त्या गांवचे मुलगे हल्लीं एंजिनियर होतात. एके वर्षीं संस्कृत घेतलेली एक मुलगी मात्र आली. तिचे गुण उत्तम, घरची स्थिति बेताची. विश्वस्तांनीं शब्दावर बोट ठेविलें. व्याज तसेंच मुद्दलांत पडलें आणि मुलीनें सकाळच्या शिकवण्या धरल्या. आपल्याकडील १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या कायद्यांत अशा वेळीं न्यायालयाकडून जवळचा हेतु ठरवून घेण्याची सोय आहे खरी. परंतु वर्षास कांहीं हजारांच्या व्याजासाठीं कोर्टाची पायरी चढण्याचा उत्साह कोणत्या विश्वस्तांत असतो? गॉफसाहेबांची युक्ति अशी कीं, तो निर्णय त्यांनीं कोर्टाच्या पायरीवरून उचलून गांवच्या चार माणसांच्या टेबलावर आणून ठेविला.

हा वृक्ष अमेरिकेंतून उत्तरेस कॅनडांत गेला, आणि आमचें लक्ष गुंतलें तें तेथें. विनिपेग शहरीं १९२१ सालीं विल्यम फोर्ब्स ॲलोवे नांवाच्या सावकारानें एक लाख डॉलर देऊन तेथील निधीचा पाया घातला. त्यानंतरची दुसरी देणगी यावयास १९२४ साल उजाडलें. एका पाकिटांतून पांच पांच डॉलरांचीं तीन सोन्याचीं नाणीं आलीं. देणाराचें नांव नव्हतें, पाकिटावर एवढेंच लिहिलें होतें कीं ही विधवेची कवडी आहे. बायबलांतील त्या गरीब विधवेची गोष्ट ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या शब्दांचा अर्थ सांगावयास नको. पंधरा डॉलर! विनिपेगचा निधि आज अब्ज डॉलरांच्या वर गेला आहे, तरी आपला इतिहास सांगतांना तेथील लोक त्या लाखाबरोबर ह्या पंधरांचें नांव घेतल्यावांचून राहत नाहींत. व्हँकूवरचा निधि १९४३ मधला. त्याच्या आरंभीं ॲलिस मॅके नांवाच्या, कचेरींत चिटणिसाचें काम करणाऱ्या बाईनें सांठविलेले एक हजार डॉलर आहेत. निराधार स्त्रियांच्या उपयोगीं ते पडावे, ही तिची इच्छा. तोही निधि आज अब्जाच्या घरांत आहे. नगरनिधीची खरी ओळख ह्या दोन स्त्रियांच्या देणग्यांत होते असें आम्हांस वाटतें. कोट्यधीश मनुष्य स्वतःच्या नांवाचें प्रतिष्ठान केव्हांही काढूं शकतो. पंधरा डॉलरवालीला तें शक्य नसतें. तिच्या नाण्यांना लाखाच्या शेजारीं, त्याच तिजोरींत, त्याच दरानें वाढण्याची जागा नगरनिधींतच मिळते.

असे निधि कॅनडाभर वाढत गेले आणि १९९२ सालीं त्यांनीं मिळून 'कम्युनिटी फाउंडेशन्स ऑफ कॅनडा' हा संघ स्थापला. त्याची कचेरी ओटावा येथें असून आज दोनशेंहून अधिक निधि त्याचे सभासद आहेत. दोनशें म्हटल्यावर सर्व सारख्याच उंचीचे असतील असें मात्र कोणी समजूं नये. एकीकडे विनिपेग व व्हँकूवर यांसारखे हत्ती, आणि दुसरीकडे दोनतीन हजार वस्तीच्या गांवांतील निधि. एकट्या मॅनिटोबा प्रांतांत असे पन्नासांहून अधिक आहेत. आमचा एक जुना विद्यार्थी तिकडच्याच एका लहान गांवीं स्थायिक झाला असून तेथील निधीच्या मंडळावर विनावेतन काम करतो. ताळेबंद वाचण्याचें वेड आम्हांला लागलें तें त्याच्या पत्रांमुळें. मंडळाची बैठक ग्रंथालयाच्या मागच्या खोलींत भरते. कॉफी ज्यानें त्यानें घरून आणावयाची. हिशेब ठेवणाऱ्या बाई पूर्वीं शाळेंत गणित शिकवीत असत, त्या आतां सत्तरीच्या पुढें आहेत. 'सर, ह्या बाई उद्यां थकल्या म्हणजे आमचें कसें होईल हाच आमच्या निधीपुढचा सर्वांत मोठा आर्थिक प्रश्न आहे,' असें त्यानें एकदां लिहिलें होतें. आम्हांला तें वाक्य विनोदी वाटलें नाहीं.

कारण त्यामागचें गणित सोपें आहे. नगरनिधि आपला चरितार्थ चालवितो तो बहुधा प्रत्येक ठेवीवर दरसाल घेतलेल्या शेंकडा एकदोन टक्के आकारावर. समजा, एखाद्या गांवच्या निधीपाशीं वीस लाख डॉलर आहेत. चार टक्क्यांप्रमाणें वर्षास ८०,००० डॉलर गांवांत वांटले जातील : कोठें वृद्धांच्या गाडीला, कोठें मुलांच्या वाचनालयाला, कोठें अन्नछत्राच्या शीतपेटीला. दीड टक्का आकार धरला तर व्यवस्थेसाठीं मिळाले ३०,०००. एवढ्यांत त्या देशांत पूर्ण वेळाचा एक साधा कारकूनही ठेवतां येत नाहीं. मग वकील, हिशेबतपासनीस, गुंतवणुकीचा जाणकार हे कोठून आणावयाचे? आणि कायदा तर लहान निधीला सूट देऊन म्हणत नाहीं कीं, तूं लहान आहेस, तुझें अर्धेंच पाळ. २०२२ सालीं कॅनडाच्या सरकारनें धर्मादाय संस्थांच्या नियमांत दोन मोठे फेरफार केले. एक असा कीं, दहा लाख डॉलरांच्या वरच्या ज्या मालमत्तेचा कामासाठीं प्रत्यक्ष वापर होत नाहीं, तिच्यापैकीं वर्षास निदान साडेतीन टक्के खर्च करण्याची जी अट होती ती २०२३ पासून पांच टक्के झाली. दुसरा असा कीं, धर्मादाय म्हणून नोंदणी नसलेल्या संघटनांसही कांहीं अटींवर पैसा देण्याची मुभा मिळाली. दोन्ही फेरफार आमच्या मतें चांगले. पण ग्रंथालयाच्या मागच्या खोलींत बसलेल्या त्या गणिताच्या बाईंना त्यांचा अर्थ कोणी समजावून सांगावा? नोंदणी नसलेल्या संघटनेबरोबर करावयाच्या कराराचा मसुदा कोणी लिहावा? दोनशें गांवांनीं दोनशें वकील गांठावे कीं एकानें एकदां लिहून दोनशेंजणांस पाठवावा? संघाचें समर्थन आमच्या दृष्टीनें एवढ्या एका प्रश्नांत आहे.

आतां ह्या संघाचें स्वतःचें पोट कसें भरतें तें पाहावें. अशा संघांना सभासदांची वर्गणी मिळते. ती बहुधा ज्याच्या त्याच्या मालमत्तेच्या मानानें ठरते. मोठीं खासगी प्रतिष्ठानें एखाद्या ठराविक कामापुरतें अनुदान देतात. परिषदा व अभ्यासवर्ग यांचें थोडें शुल्क येतें. येथें एक मौजेची विसंगति उत्पन्न होते. ज्या मोठ्या निधींपाशीं स्वतःचे वकील व हिशेबनीस आहेत, त्यांना संघाची गरज कमी आणि वर्गणी जास्त. ज्यांना गरज फार त्यांची वर्गणी नाममात्र. म्हणजे वडीलभावानें धाकट्याची फी भरावी त्यांतला हा प्रकार. वडीलभाऊ जोंवर एका घरांत आहे तोंवर भरतो. मनांत मात्र अधूनमधून वेगळें राहण्याचा विचार येतच असावा. आणि संघाला स्वतःची गंगाजळी कोण देणार? मनुष्य मरतांना आपल्या गांवाच्या नांवें घर लिहून ठेवील, शाळेच्या नांवें ठेवील, एखादा मांजरांच्या नांवेंही ठेवील. परंतु कचेऱ्यांच्या मध्यवर्ती कचेरीच्या नांवें मृत्युपत्र करणारा दाता आम्हीं तरी ऐकलेला नाहीं. सर्वांस कायम ठेवीचें महत्त्व सांगणारानें स्वतः मात्र सालोसाल नव्यानें हात पसरावा, असा हा योग.

ह्या स्थितींत २०२० सालची महामारी आली. त्या एप्रिलांत कॅनडाच्या सरकारनें ३५ कोटी डॉलरांचा एक तातडीचा निधि जाहीर केला आणि तो गांवोगांवच्या संस्थांपर्यंत पोंचविण्यासाठीं तीन मध्यस्थ निवडले : युनायटेड वे, कॅनेडियन रेड क्रॉस आणि आपला हा नगरनिधींचा संघ. सरकारला घाई होती, आणि कोणत्या गांवीं कोणते म्हातारे घरांत अडकून पडले आहेत, जेवणाचे डबे कोण पोंचवितें, हें ओटावाच्या मंत्रालयास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. नगरनिधींना तें ठाऊक होतें. निदान कोणाला विचारावें एवढें तरी नक्कीच ठाऊक होतें. आमचा विद्यार्थी लिहितो कीं, त्या वसंतांत त्यांच्या मंडळानें ज्या अर्जांचा निकाल आठ दिवसांत लावला तसल्यांना एरवीं सहा महिने लागले असते. पुढें २०२३ मध्यें अशाच संस्थांच्या पुनरुज्जीवनासाठीं सरकारनें ४० कोटींची दुसरी योजना काढली, तीही ह्याच तिघांच्या हातून.

अशा वर्षांत संघाच्या ताळेबंदाची काय दशा होते तें प्रत्येक दात्यानें एकदां समजून घेण्यासारखें आहे. आंकडे आम्ही समजुतीपुरते कल्पितों. एखाद्या संघाचा स्वतःचा खर्च वर्षास ५० लाख, आणि नेहमींच्या वर्षीं त्याच्या हातून वांटला जाणारा पैसा एक कोटी. चष्मा पुसून कलम शोधणारे आमचे गृहस्थ म्हणतील : एकूण दीड कोटींत ५० लाख वरखर्च, म्हणजे तिसरा हिस्सा! केवढी ही उधळपट्टी! पुढल्या वर्षीं सरकारचे दहा कोटी येतात. ते वांटण्यासाठीं चार माणसें जास्त ठेवावीं लागतात आणि खर्च ६० लाखांवर जातो. परंतु एकूण आंकडा ११ कोटी ६० लाखांचा झाल्यामुळें वरखर्चाचा हिस्सा विसाव्यावर येतो. तेच गृहस्थ आतां म्हणतात : वा, काय काटकसर! वस्तुतः काटकसर वाढली नाहीं, खर्चच वाढला. तिसऱ्या वर्षीं सरकारची योजना संपते, चार माणसांस निरोप द्यावा लागतो, आणि संघ पुन्हा उधळ्या ठरतो. शिवाय वाटेवर असलेला पैसा वर्षअखेरीस संघाच्या खात्यांत पडून राहिला तर शिल्लक फुगलेली दिसते. तिच्याच समोर तेवढेंच 'देणें' लिहिलेलें असतें तें कोणी वाचीत नाहीं. पोस्टाच्या शिपायाच्या पिशवींत दुसऱ्यांच्या मनीऑर्डरी असतात म्हणून त्याला कोणी श्रीमंत म्हणत नाहीं. संस्थेच्या बाबतींत मात्र आपण खुशाल म्हणतों.

'खर्चणाऱ्याचें खर्चतें आणि कोठावळ्याचें पोट दुखतें' ही म्हण आपल्याकडे कोठावळ्याच्या कृपणपणास हिणवण्यासाठीं वापरतात. आमचें मन ह्या बाबतींत कोठावळ्याच्या बाजूनें आहे. कोठारास कुलूप लागतें, उंदरांपासून धान्य राखावें लागतें, माप खरें ठेवावें लागतें. त्याचे पैसे दात्यानें दिलेले नसतात. आमच्या त्या विद्यार्थी-निधीच्या एका थोर दात्यानें देणगीबरोबर लेखी अट घातली होती कीं, ह्यांतील एक पैही टपाल, छपाई किंवा हिशेबतपासणी यांवर खर्च होतां कामा नये. मग विद्यार्थ्यांस पत्रें पाठवावयाचीं कशीं? तीं पाठविलीं गेलीं चिटणिसाच्या खिशांतून. आणि दात्यानें एका समारंभांत अभिमानानें सांगितलें कीं, ह्या संस्थेचा वरखर्च शून्य आहे! टाळ्या पडल्या. अशा शून्यांच्या पोटांत कोणाचे तरी खिसे असतात, आणि ते खिसे संपले कीं संस्था बंद पडते, हें टाळ्या वाजविणारांस कोणी सांगत नाहीं.

परंतु वरखर्चाची बाजू घेतली म्हणून वाटेवरच्या पैशाबद्दल आमच्या मनांत शंका नाहीं असें मात्र नव्हे. उलट, आमची मुख्य शंका तीच आहे. पाटाचें पाणी आणि विहिरीचें पाणी यांत शेतकरी जो भेद करतो तो येथें केला पाहिजे. पाटाचें पाणी पुष्कळ, एकदम व फुकटासारखें येतें. पण तें केव्हां सुटावें व कोणत्या पिकास द्यावें हें वरचा अधिकारी ठरवितो. सरकारी योजनेंत हेतु सरकारचा, मुदत सरकारची, नमुने सरकारचे. गांवच्या मंडळाला उरतें तें नांवांच्या यादीवर खुणा करण्याचें काम. हें काम प्रामाणिकपणें करण्यांत कमीपणा नाहीं, आणि २०२० सालीं त्याचें मोल फारच मोठें होतें. पण सलग पांचसात वर्षें पाटावर शेती केली कीं विहीर उपसण्याची संवय जाते, हें आपल्या बागाइती मुलखांत सर्वांनीं पाहिलेलें आहे. गांवाला नक्की काय हवें हा प्रश्न विचारण्याचें कोणास सुचतच नाहीं, कारण काय मिळणार तें वरूनच ठरून आलेलें असतें. गॉफसाहेबांनीं मृत हस्त दूर केला. त्याच्या जागीं दूरचा हस्त येऊन बसला तर गांवाच्या चार माणसांनीं कमावलें काय?

ह्या बाबतींत कॅनडाच्या निधींनीं एक गोष्ट मोठ्या शहाणपणानें केली आहे. २००१ पासून टोरोंटोच्या निधीनें आपल्या शहराची एक नाडीपरीक्षा छापण्यास सुरुवात केली. घरभाडें, बेकारी, शाळा, हवा, नव्यानें आलेल्या लोकांची स्थिति, लोकांस आपण ह्या शहराचे आहों असें कितपत वाटतें, अशा नाना बाजूंनीं शहराचें मोजमाप घेऊन तें साध्या भाषेंत लोकांपुढें ठेवावयाचें. तिचें नांव 'व्हायटल साइन्स'. पुढें संघानें ही पद्धति इतर गांवांस शिकविली आणि तिचा प्रसार केला. हें काम पैसा वांटण्याचें नाहीं. ताळेबंदांत तें सबंध वरखर्चाच्या बाजूला पडतें. तरीही आमच्या मतें संघाच्या सर्व कामांत हेंच अधिक मोलाचें, कारण पाट सुटण्यापूर्वीं कोणत्या शेतास तहान आहे हें गांवानें स्वतः सांगितलें, तर वरच्या अधिकाऱ्यालाही तें कधीं कधीं ऐकावें लागतें.

ही चर्चा केवळ धनाढ्य देशांपुरती नाहीं. अशा निधींची चळवळ जगभर पसरावी म्हणून मिशिगन संस्थानांतील मॉट प्रतिष्ठानासारख्यांनीं पुष्कळ वर्षें पैसा घातला आहे. आणि २००६ सालीं निघालेली 'ग्लोबल फंड फॉर कम्युनिटी फाउंडेशन्स' ही संस्था जोहान्सबर्ग येथून आफ्रिका, आशिया, पूर्व युरोप व लॅटिन अमेरिका येथील निधींना लहान लहान रकमा देत असते. २०१६ च्या डिसेंबरांत त्याच शहरीं ह्या लोकांची जी जागतिक परिषद भरली तिच्यांत 'सत्ता हलवा' ही घोषणा पुढें आली. परदेशी दात्याच्या हातांतील निर्णयाची सत्ता जेथें काम चालतें तेथील लोकांकडे यावी, असा तिचा आशय. घोषणा चांगली आहे. मात्र ती परदेशी दात्याच्याच खर्चानें भरलेल्या परिषदांत द्यावी लागते, ही तिची खरी अडचण.

आपल्या देशांत हें रोप कां फोफावत नाहीं? मुंबईंत १९९० नंतरच्या दशकांत 'बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट' ह्या नांवानें नगरनिधीचा प्रयत्न झाला, आणि तो उल्लेखनीय आहे. परंतु त्याला पाहून नागपुरास, कोल्हापुरास, नाशकास असे निधि निघाले नाहींत. दानत नाहीं असें म्हणणें खोटें ठरेल. गणपति-नवरात्रांस वर्गणी देणारें, पूरग्रस्तांसाठीं ट्रक भरून धान्य पाठविणारें गांव कृपण नव्हे. आमच्या मतें दोन बंधनें आड येतात. परदेशी पैशाच्या कायद्यांत सप्टेंबर २०२० मध्यें जी दुरुस्ती झाली तिनें एका संस्थेनें परदेशांतून घेतलेला पैसा दुसऱ्या संस्थेस देण्यास मनाई केली, आणि व्यवस्थाखर्चाची मर्यादा अर्ध्यावरून पांचव्या हिश्श्यावर आणली. म्हणजे परदेशी पैशाच्या बाबतींत, घेऊन पुढें देणारा जो संघ, त्याचा धंदाच बंद. दुसरें बंधन घरच्या पैशाचें. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वयें मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चावयाचा आहे. ही रक्कम लहान नव्हे. परंतु जानेवारी २०२१ पासूनच्या नियमांनीं तो पैसा कोणत्याही संस्थेच्या कायम ठेवींत घालतां येत नाहीं. सरकारचा हेतु आम्हांस समजतो : पैसा ठेवींत दडून बसूं नये, कामावर खर्ची पडावा. पण त्यामुळें कंपनीचा पैसा कायमचा पाटाचा होऊन बसला. विहीर खणण्यासाठीं त्यांतली एक कुदळही मिळत नाहीं. आणि आडांत नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार? उरतो तो पेन्शनरांचा, शिक्षकांचा, दुकानदारांचा पैसा, म्हणजे तीं तीन सोन्याचीं नाणीं. तीं मागावयास गांवांत कोणी तरी सकाळीं चप्पल घालून निघावें लागतें, पावती फाडावी लागते, वर्षाच्या शेवटीं हिशेब छापावा लागतो. आणि ह्या सर्वांस खर्च येतो.

आमच्या विद्यार्थ्याच्या निधीपुढें गेल्या वर्षीं संघाची वर्गणी पुढें चालू ठेवावी कीं नाहीं हा प्रश्न आला होता. एका सभासदाचें म्हणणें पडलें कीं, तेवढ्या पैशांत दोन मुलांची पोहण्याच्या वर्गाची फी निघेल. हें म्हणणें खोडून काढण्यासारखें नव्हतें, आणि कोणीं खोडलेंही नाहीं. मग गणिताच्या बाईंनीं दोन वर्षांपूर्वीं संघानें पाठविलेला तो करारनाम्याचा मसुदा कपाटांतून काढून टेबलावर ठेविला, आणि ह्याच्यासाठीं गांवच्या वकिलानें किती मागितले असते तेवढा आंकडा सांगितला. पांच विरुद्ध दोन मतांनीं वर्गणी मंजूर झाली. 'सर, तुम्ही विचारलेंत म्हणून लिहितों,' असें तो म्हणतो, 'ह्या विषयाला आम्हांला दहा मिनिटें लागलीं. त्यानंतर स्केटिंगच्या दालनाच्या गळक्या छपराचा विषय निघाला आणि बैठक रात्रीं अकराला उठली.'